घेतलं सोंग निभवायला लावतो तो खरा आरपीजी

आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम, आपण एक कॅरेक्टर घेऊन खेळायचा गेम, त्याचा विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी त्याच स्टेशनवर येऊन थांबते. मॅप केवढा, किती तासांचा कंटेंट, एंडिंग किती, आणि मुख्य म्हणजे 'हवं ते' करता येतं का. मला हे सगळं फ्लॅटच्या जाहिरातीसारखं वाटतं राव, जिम आहे, क्लब हाऊस आहे, लॉबीत कारंजं आहे, पण नळाला पाणी किती वाजता येतं ते कोणी सांगत नाही. माझं मत सरळ उलटं आहे. जे जुने आरपीजी अजून लोकांच्या डोक्यातून जात नाहीत ते त्यात काय काय करता येतं म्हणून नाही, काय करता येत नाही म्हणून. गेम तुम्हाला तोंडावर नाही म्हणतो का, आणि ते नाही तुम्ही जे कॅरेक्टर बनवलंय त्यातूनच आलेलं असतं का, एवढंच मी बघतो.

रोल प्लेइंगला मराठीत भूमिका वगैरे म्हणतात, मला सोंग हा शब्द जास्त जवळचा वाटतो. सोंग घेतलं की निभवावं लागतं. तळकोकणातला दशावतार बघा, संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचून बोलतो, पण म्हणून तोंडाला येईल ते बोलत नाही, भीम झालाय तर भीमासारखंच बोलणार, मधेच कृष्णाचा शहाणपणा शिकवायला लागला तर पुढे बसलेली म्हातारी सुद्धा हसेल. मोकळीक आहे, पण ती सोंगाच्या आतली.

मुळात हा प्रकार आला कुठून तर १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला तिथून, तेव्हा कॉम्प्युटरचा काही संबंध नव्हता, चार टाळकी टेबलाभोवती, फासे, कागद, पेन्सिल आणि एक जण डंजन मास्टर. हा मास्टर महत्त्वाचा. तुम्ही म्हणालात मी भिंतीवर चढतो, तो म्हणणार टाक फासे, कमी पडले, आपटलास, पाय मुरगळला, बोल आता काय करतोस? सगळी मजा त्या 'आता काय करतोस' मधे आहे. मग हे कॉम्प्युटरवर आलं तेव्हा लोकांनी आकडे तेवढे उचलले, लेव्हल, हिट पॉइंट्स म्हणजे किती मार सोसता येतो, कुठल्या तलवारीला प्लस किती, कारण आकडेमोड मशीनला सोपी जाते, आणि समोर बसून डोळे वटारणारा माणूस मागे राहिला. चांगला आरपीजी बनवणं म्हणजे त्या राहिलेल्या माणसाला कसंतरी करून कोडमधे आणून बसवणं, असं मला वाटतं.

गेम बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियटने १९८५ च्या अल्टिमा ४ मधे हे मनावर घेतलं. (मी तो खूप नंतर एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळलो, आणि खरं सांगतो, चौथ्या दिवशी हात टेकले.) या गेममधे शेवटी मारायला कोणी व्हिलनच नाही. आठ सद्गुण आहेत, प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय असे, आणि ते अंगी बाणवून अवतार व्हायचं, शब्द आपल्याकडचाच. यातली एक गोष्ट अजून विसरलो नाही. मंत्रांचं सामान विकणारी एक आंधळी बाई आहे. तुम्ही वस्तू घ्यायच्या आणि पैसे किती देताय ते तुम्हीच टाईप करायचं. कमी दिले तरी ती थँक्यू म्हणते, कोणी पकडत नाही, बीप वाजत नाही, लाल अक्षरात काही येत नाही, गपचूप तुमचा प्रामाणिकपणा खाली जातो. आजच्या गेममधे असलं काही असतं तर वर कोपऱ्यात 'प्रामाणिकपणा उणे पाच' असं लगेच झळकलं असतं आणि तुम्ही रीलोड केलं असतं, म्हणजे आधी सेव्ह केलेला गेम उघडून मागे गेला असतात. इथे तुम्हाला कळतं ते खूप पुढे गेल्यावर, तोवर बाईला दहा वेळा फसवून झालेलं असतं.

आता फॉलआउट. १९९७, इंटरप्ले कंपनी, टिम केन आणि त्याची मंडळी. अणुयुद्धानंतरचं कॅलिफोर्निया, जमिनीखालच्या वॉल्ट १३ मधे लोक राहतायत आणि पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते. तुम्हाला बाहेर पाठवतात, १५० दिवसांत चिप आणायची. हे १५० दिवस खरे असतात हो! नाही आणली तर गेम संपला. आत्ताच्या गेममधे जग उद्या बुडणार असतं आणि आपण तीन महिने मासे पकडत बसतो, कोणी हूं की चूं करत नाही. इथे हब नावाच्या गावात पाणीवाल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन वॉल्टला टँकर लावता येतो म्हणा ना, शंभर दिवस वाढवून मिळतात, पण पाण्याचे तांडे तिकडे जायला लागले की वॉल्ट कुठे आहे याचा वास शत्रूलाही लवकर लागतो. आणि ती चिप मिळते कुठे, तर नेक्रोपोलिसमधे, जिथे किरणोत्सर्गाने सडलेले घूल लोक त्याच चिपच्या जिवावर पाणी पितायत. आधी त्यांचा जुना पंप दुरुस्त करून दिला तर ठीक, नाहीतर तुम्ही चिप घेऊन हिरो बनून घरी जाता आणि मागे एक गाव तहानेने मरतं. तुमच्याकडे रिपेअरचं स्किल आहे का, पंपाचे पार्ट शोधायची तसदी घेतली का, यावर एक गाव! दुष्काळी भागात ज्याचं बालपण गेलंय त्याला हा सीन काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचा व्हिलन, त्याला द मास्टर म्हणतात, त्याला गोळ्या घालता येतात, खाली जाऊन बॉम्ब लावता येतो, किंवा नुसतं बोलून संपवता येतं. त्याचा प्लॅन असा की सगळ्या माणसांचे म्युटंट, म्हणजे शरीर बदललेले राक्षसी जीव, करायचे, एकच जात, भांडणं बंद. तुम्ही त्याला पुराव्यानिशी दाखवायचं की बाबा रे तुझ्या म्युटंटना पोरंच होत नाहीत, ही जात एका पिढीत संपणार. आणि तो खचतो, स्वतःच सगळं संपवतो. पण हे करायला तोंडात दम पाहिजे आणि हातात पुरावा पाहिजे, जो ब्रदरहुड नावाच्या संघटनेतल्या एका डॉक्टरीणबाईने प्रेतं फाडून काढलेला असतो. तुम्ही आयुष्यभर मशीनगनवर पॉइंट टाकले असतील तर हा रस्ता तुमच्यासाठी नाहीच. बरं, एवढं सगळं करून घरी परत आलात की दारातच ओव्हरसीअर, म्हणजे वॉल्टचा प्रमुख, सांगतो, तू आम्हाला वाचवलंस, पण बाहेर राहून तू बदललास, पोरं तुझं बघून बाहेर पळतील, तेव्हा तू आत येऊ नकोस. वॉल्टचं दार बंद. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच मिनिटं तसाच खुर्चीत बसून होतो.

फॉलआउट २ (१९९८) मधलं एक उदाहरण तर माझं हुकमाचं पान आहे. कॅरेक्टर बनवताना बुद्धी अगदी कमी ठेवली की तुमचा हिरो नीट बोलूच शकत नाही, 'अं', 'हं', एवढंच, लोक हाकलून देतात, कामं मिळत नाहीत, अर्धा गेम बंद. कोण मूर्ख असं खेळेल? मी खेळलो, एकदा सुट्टीत, नुसती गंमत म्हणून. क्लॅमथ नावाच्या गावात टॉर म्हणून एक भोळसट गुराखी आहे, तोही असाच तुटक बोलणारा, शहाण्या हिरोला त्याचं बोलणं धड कळत नाही. पण दोन ढ एकत्र आले की चमत्कार होतो, दोघांचा संवाद एकदम विद्वत्सभेत चालावा तसा झडतो, लांबलचक वाक्यं, नम्र संबोधनं, सगळा थाट! बाहेरच्यांना जे बें बें ऐकू येतं ते आतून असं असतं. हुशार कॅरेक्टर घेऊन शंभरदा खेळलात तरी हे दिसणार नाही. म्हणजे बघा, दारं बंद केल्यामुळेच हे एक उघडलं.

(टॉर जी दोन डोक्यांची गुरं राखतो त्यांना या सीरिजमधे ब्राह्मिन म्हणतात. २००८ ला फॉलआउट ३ चं एक्सबॉक्स व्हर्जन मायक्रोसॉफ्टने भारतात आणलंच नाही, सांस्कृतिक संवेदनशीलता एवढंच कारण दिलं, मग लोकांनी आपापले तर्क लावले, त्यात या गुरांचं नाव पहिलं होतं. आपण आपले टॉरेंटवाल्यांच्या कृपेने खेळलो, ते सोडा.)

मॉरोविंडबद्दल मी निःपक्षपाती बोलूच शकत नाही. २००२ चा गेम, आमच्याकडे हॉस्टेलला आला तो मित्राच्या मित्राने रिकाम्या सीडीवर मार्करने नाव लिहून दिलेला, सोबत ना मॅन्युअल ना नकाशा. आणि या गेममधे कुठे जायचं ते दाखवणारा बाणबिण काही नसतो. बाल्मोरा गावात एक जण सांगतो की मला अमुक पेटी आणून दे, गावाबाहेर दक्षिणेला जा, किल्ल्यापासून वळ, दरीवरचा जुना पूल ओलांड, तिथे भग्नावशेष आहेत. बस. म्हणजे आपल्याकडे पत्ता सांगतात तसंच, मारुतीच्या देवळापासून डावीकडे, पुढे पिठाची गिरणी लागेल, कोणालाही विचारा. रूममेट स्क्रीनवरचं वाचायचा आणि मी शंभर पानी वहीत मराठीत लिहायचो, 'पूल ओलांडून वर, दार दिसणार नाही'. दार खरंच दिसलं नाही. आम्ही दोन संध्याकाळी त्या डोंगरावर घालवल्या. शेवटी कळलं की बाजूला एक पाईप आहे, त्याला हँडल आहे, ते फिरवलं की दगड सरकतो. मग आत जाऊन पेटी शोधायला अजून एक संध्याकाळ गेली, कारण पेटी मुठीएवढी. आता कोणी म्हणेल हा त्रास आहे. त्रासच आहे. पण आज वीस वर्षांनी मला त्या डोंगरावरचा रस्ता पाठ आहे आणि मागच्या वर्षी बाणाच्या मागे मागे धावत जो गेम संपवला त्यातलं एक गाव आठवत नाही.

त्याच गेममधे टेलव्हानी म्हणून जादूगारांचं घराणं आहे, ते प्रचंड वाढवलेल्या मशरूममधे राहतात आणि त्यांच्या मनोऱ्यांना जिने नसतात. उडायचा मंत्र येत असेल तर वर या, नसेल तर तुमची आमच्याशी बोलायची लायकी नाही. एका ओळीचा डायलॉग न लिहिता अख्ख्या घराण्याचा माज दाखवला की नाही! तीन मोठी घराणी आहेत, एकात गेलात की बाकी दोन बंद, आणि गिल्डमधे, म्हणजे एकेका धंद्याच्या संघात, बढती पाहिजे तर त्या कामाचं स्किल लागतं. मॉरोविंड काढणाऱ्या बेथेस्डा कंपनीच्याच २०११ च्या स्कायरिममधे तुम्ही जेमतेम दोन मंत्र मारून जादूच्या कॉलेजचे प्रमुख होता, संध्याकाळी चोरांचे सरदार, आणि रात्री मारेकऱ्यांचे म्होरके. मला स्कायरिम आवडतो, बर्फात फिरायला जाम भारी वाटतं, पण त्यात सोंग नाही. सगळीच सोंगं एकाच वेळी अंगावर असतील तर ते नुसतं कपाट झालं.

प्लेनस्केप टॉर्मेंट (१९९९, ब्लॅक आयल, मुख्य डिझायनर ख्रिस अव्हेलोन) चं नाव न घेता हा विषय पुरा होत नाही म्हणून घेतो, त्यावर इतकं लिहून झालंय. तुम्ही एका शवागारात जागे होता, नाव आठवत नाही, मरता येत नाही, मेलात तरी परत उठता. मला त्यातलं फक्त डॅकॉनचं सांगायचंय. हा म्हातारा योद्धा तुमच्याबरोबर मुकाट चालत असतो, लढतो, त्याच्या धर्माचे पाठ तुम्हाला शिकवतो. हळूहळू कळतं की तुमच्याच एका आधीच्या जन्मातल्या तुम्ही, त्याची तलवार उपयोगी पडेल म्हणून, त्याच्या पडत्या काळात त्याला उपकाराखाली दाबलं, आणि त्याने शब्द दिला की तू मरेपर्यंत तुझी चाकरी करीन. आता शब्द दिला कोणाला, तर ज्याला मरणच नाही त्याला. हे वाचल्यावर पोटात खड्डा पडतो. तुम्ही या वेळी कितीही चांगले वागा, जुन्या सोंगाची उधारी तुमच्या नावावर आहेच, आणि ते मागचं पुसायची सोय गेम देत नाही. मारामारी मात्र या गेमची अगदीच टुकार आहे, माऊस आपटावासा वाटतो.

इथे माझा एक मित्र नेहमी अडवतो, तो जपानी आरपीजीवाला. म्हणतो तुझ्या हिशोबाने क्रोनो ट्रिगर बाद, कारण त्यात कॅरेक्टर आपण बनवत नाही, क्रोनोच आहे, गोष्ट ठरलेली आहे, कुठे आलं तुझं सोंग? मुद्दा बिनतोड वाटतो. पण १९९५ च्या त्या गेमची सुरुवात आठवा, जत्रा आहे, टेबलावर कोणाचातरी डबा ठेवलाय, आपण गेमच्या सवयीने खाऊन टाकतो, पॉवर भरून येते, मजा. एका मुलीला धडकतो, तिचं लॉकेट पडतं, आपण आधी तिला विचारायचं सोडून लॉकेट उचलतो. पुढे दोन तासांनी कोर्टात केस उभी राहते आणि एकेक साक्षीदार येतो, याने म्हाताऱ्याचा डबा खाल्ला, याला मुलीपेक्षा दागिन्याची काळजी! मला अक्षरशः कानकोंडं झालं. गंमत अशी की निकाल काही लागो, जेलमधे जायचंच आहे, म्हणजे गोष्ट फारशी बदलतच नाही. म्हणून मित्रापुढे मी माझं म्हणणं थोडं वाकवलं. रस्ते किती फुटतात हे खरं महत्त्वाचं नाही, गेम तुमच्याकडे बघत होता का हे महत्त्वाचं. अंधारात कोणीतरी बघत होतं हे कळलं की माणूस सोंग नीट वठवतो. तो अजून म्हणतो की मी पळवाट काढली, असेल.

आणि प्रत्येक 'नाही' भारी असतं असं मी म्हणत नाहीये, नाहीतर लोक म्हणतील याला जुनं ते सोनं. मॉरोविंडमधे सुरुवातीला साध्या खेकड्याला तलवार मारली तर तलवार डोळ्यांदेखत त्याच्यातून जाते आणि गेम म्हणतो चुकली, कारण आतल्या आत फासा कमी पडला. टेबलावर तो फासा डोळ्यांना दिसायचा, मास्टर सांगायचा कसा हुकलास ते. इथे दिसत नाही म्हणून नुसती चिडचिड होते. अल्टिमा ४ मधला तासन् तासांचा घोळ, फॉलआउटमधे जुगार आणि दगडफेकीत पॉइंट घालवले म्हणून आपलंच कॅरेक्टर अर्ध्यात निकामी होणं आणि ते कोणी आधी न सांगणं, याला खोली वगैरे म्हणू नका, हा सरळ निष्काळजीपणा आहे. आणि रीलोड? मीही करतो. फासा वाईट पडला की हात आपोआप त्या बटणाकडे जातो. पण जे गेम हरल्यावरही काहीतरी वेगळं देतात तिथे हात थांबतो, बाकीच्यांत नाही, आणि यात खेळणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्याचा वाटा मोठा आहे.

असं म्हणतात की आजच्या पब्लिकला नाही ऐकायची सवय नाही, पेशन्स नाही, असे गेम चालणार नाहीत. २०२३ मधे बेल्जियमच्या लारियनने बाल्डर्स गेट ३ काढला आणि फासा अख्ख्या स्क्रीनवर गरगर फिरवून दाखवला, तुम्ही लाखात एक भाषण ठोकायला जाता आणि फाशावर नेमका एक पडतो, तोंडघशी. लोकांनी डोक्यावर घेतला, वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम ठरला. त्यात मेलेल्यांशी बोलायचा मंत्र आहे. पण ज्याला तुम्हीच मारलंय ते प्रेत तुमच्याशी बोलत नाही! का बोलावं त्याने? आणि मग कोणीतरी शोधून काढलं की वेषांतराचा मंत्र मारून चेहरा बदलून गेलं की तेच प्रेत घडाघडा बोलतं. सोंगावर सोंग.

जाता जाता मॉरोविंडचंच एक, कारण त्याच्यावाचून मला थांबता येत नाही. बाल्मोरात एक उघडाबंब म्हातारा राहतो, कायस कोसाडेस, खरा तो बादशहाचा हेर, मुख्य कथा त्याच्यापासून सुरू होते. त्याच्या घरातली एक वस्तू आम्हाला आवडली, उचलताना त्याने बघितलं, हाणामारी झाली, आणि तेव्हा आमचं कॅरेक्टर बऱ्यापैकी तगडं झालं होतं त्यामुळे म्हातारा मेला. स्क्रीनवर मेसेज आला, त्याचा अर्थ असा की भविष्यवाणीचा धागा तुटलाय, जुना सेव्ह उघडा नाहीतर तुम्हीच बिघडवलेल्या या जगात राहा. याच सीरिजच्या पुढच्या गेममधे, २००६ च्या ऑब्लिव्हियनपासून, असली महत्त्वाची माणसं मरतच नाहीत, बेशुद्ध पडतात आणि कपडे झटकून उठतात. आमचा म्हातारा उठला नाही. जुना सेव्हही नव्हता, रूममेटने त्याच्यावरच ओव्हरराइट केलं होतं, त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद. मग तसेच दोन महिने त्या बिघडलेल्या जगात खेळलो, चोऱ्या केल्या, गुहा फिरलो, शेवट नाही हे माहीत असून.

खूप वर्षांनी कळलं की शेवट होता. धागा तुटला तरी एक बोळ ठेवलेला होता, विवेक नावाच्या जिवंत देवाला (नाव ऐकून आपल्याला सोसायटीतला विवेक आठवतो, इलाज नाही) मारून त्याच्याकडची वस्तू घ्यायची, जुन्या वह्या शोधायच्या आणि ते सगळं त्या जगातून नाहीशा झालेल्या एका जातीच्या शेवटच्या माणसाकडे न्यायचं, तो ती वस्तू कशीबशी चालू करून देतो, ती हातात घातली की तब्येतीची कायमची वाट लागते, पण कथा पुरी होते. त्या माणसाला आम्ही भेटलो होतो. एका मनोऱ्याच्या तळघरात, कोळ्याच्या पायांसारख्या यंत्रावर बसलेला, रोगाने सुजलेला. रूममेट म्हणाला हा काही विकत नाहीये, चल, आणि आम्ही वर निघून आलो.